चाचणी खुर्चीतला रिकामा रकाना

भांडायला निघालेली बाई पावसात भिजली की तिचा निम्मा रुबाब तिथंच उतरतो. माझाही उतरला. कचेरीतून अंगण ओलांडून गोदामात पोचेपर्यंत डोक्यावर धरलेल्या कागदाचा पार लगदा झाला होता.

"टेबलावरचा दिवा आणि वजन चोवीस किलो? टेबल मोडेल ना रे!"

तो वजनकाट्यावर उभा होता, तोच दिवा कडेवर घेऊन. उंच, दाढी वाढलेला, कानामागे पेन्सिल.

"हा एकटा उभा राहत नाही, म्हणून घेतलाय," तो म्हणाला. "यातलं माझं वजन वजा केलं की दोन किलो चारशे. दशांशचिन्ह खाल्लं कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे तूच!"

"मीच. पण बरोबर लिहिलं असतं तर तू आली असतीस का... कारकूनबाई?"

हा पिरिपी. ऑकलंडच्या पूर्वेला, ईस्ट टामाकीत आमचं काम चाले. मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांना आम्ही मालाची माहिती पुरवायचो. तो वस्तू मोजायचा, तोलायचा. मी, लोसा, ते आकडे संगणकावरच्या यादीत भरायची. चाळीस हजार वस्तू, प्रत्येकीचे साठ रकाने. एक रकाना चुकला की माल परत येणार आणि शिव्या मला पडणार.

त्या यादीत एक खोटी वस्तू होती, चाचणी खुर्ची. नवीन माणसांनी सराव करायला ठेवलेली, दुकानात कधीच न जाणारी. एके दिवशी तिच्या वजनाच्या रकान्यात पिरिपीनं लिहिलं, 'लोसाच्या रागाइतकं. उचलायला दोन माणसं लागतात.' मी रंगाच्या रकान्यात लिहिलं, 'पिरिपीच्या मोज्यांसारखा. सांगण्यात अर्थ नाही.'

झालं! मग रोजच सुरू. तोंडानं आम्ही थट्टा करायचो. खरं काय ते खुर्चीत लिहायचो. आई गेल्यापासून घरी चूल पेटवावीशी वाटत नाही, हे त्यानं खुर्चीतच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी मावशीनं केलेले पानी पोपो नेले, नारळाच्या दुधातले गोड पाव. त्यानं एक खाल्ला आणि उरलेले रुमालात बांधून ठेवले. बोटं चाटत माझ्याकडे असं पाहिलं की... जाऊ दे.

मग पर्थहून त्याच्या भावाचा निरोप आला. खाणीत नोकरी, दुप्पट पगार, शनिवारी निघायचं.

"जाऊ का गं?" त्यानं मोजपट्टीशी चाळा करत विचारलं.

"मला काय विचारतोस? मी काय तुझी आजी आहे?"

'नको जाऊस' इतकंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं... आणि मी घाबरले. बस्स, दुसरं काही नाही.

त्याच आठवड्यात सगळा माल नव्या यादीत हलवायचा होता. रिकामा रकाना असला की नवी यादी ती वस्तू घेईना. आमच्या मुख्य मॉरीनबाई म्हणाल्या, "जिथं रिकामं दिसेल तिथं 'लागू नाही' भरून टाक. एका फटक्यात." गुरुवारी संध्याकाळी मी तो फटका मारला. अकरा हजार रकाने भरले! मी स्वतःवरच खूश होऊन घरी गेले.

शुक्रवारी तो निरोप घ्यायला आला. डोळे लाल.

"कळलं मला," तो म्हणाला. "स्पष्ट सांगितलंस, बरं केलंस."

मला वाटलं, 'मला काय विचारतोस' म्हटलं त्याबद्दलच बोलतोय. त्यानं मोजपट्टी माझ्या टेबलावर ठेवली, माझ्या कपाळाला क्षणभर कपाळ टेकवलं आणि गेला. मी त्याच्या पाठीकडे पाहत बसले, आता वळेल, मग वळेल म्हणत. खुर्ची उघडायची त्यानंतर मला हिंमतच झाली नाही.

चौदा महिन्यांनी जुनी यादी कायमची बंद करायची ठरली. मॉरीनबाई म्हणाल्या, "शेवटची एक नजर टाक गं." तेव्हा कुठे मी खुर्ची उघडली.

वर्णनाच्या रकान्यात पिरिपीनं लिहिलं होतं, 'तोंडानं विचारायला गेलो की तू थट्टा करतेस आणि मीही करतो. म्हणून इथं विचारतो. माझं तुझ्यावर प्रेम आहे. थांब म्हणालीस तर तिकीट फाडतो. खाली एक रकाना रिकामा ठेवलाय... तुझ्यासाठी.'

आणि खाली, 'लागू नाही.' बदल करणारी: लोसा. गुरुवार, सहा वाजून दहा मिनिटं.

अगं बाई... खुर्ची त्यातून वगळायला मी विसरले होते! एका फटक्यात रकाने भरता येतात, हे त्या मोजमापवाल्याला कुठून ठाऊक असणार? त्याला फक्त माझं नाव दिसलं.

मी गाडीत जाऊन बसले आणि त्याला फोन लावला. सगळं सांगितलं, अकरा हजार रकान्यांसकट.

"म्हणजे तू... वाचलंच नव्हतंस?"

"आज वाचलं."

"त्या शुक्रवारी मी अर्धा तास बाहेर पावसात उभा होतो, लोसा. म्हटलं, आता येईल..."

"मी आत दाराकडे बघत बसले होते रे, मूर्खासारखी!"

तो हसला आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला. तेवढ्यात मागून एका बाईची हाक आली, "पिरिपी, ही झोपत नाहीये रे, जरा घे ना." आणि तान्हं बाळ रडल्याचा आवाज.

"मुलगी?" मी विचारलं.

"हो. बारा दिवसांची." मग अगदी हळू आवाजात, "लोसा... मग उत्तर काय होतं?"

काचेवरून पाणी ओघळत होतं. त्याची मोजपट्टी माझ्या मांडीवर होती. 'थांब' हा शब्द तेव्हासारखाच ओठांवर आला होता. या वेळी मी घाबरले नव्हते.

"लागू नाही," मी म्हणाले. "जा, लेकीला घे."

मी फोन ठेवला आणि मग पोटभर रडले.