बेचाळीस कोटांची मापं

धाकटीनं तिसरं बटण लावून दोरा तोडला, तरी तिच्या लॅपटॉपमधला फोन काही उघडला नव्हता.

खरा फोन नव्हे तो. मोबाइलची ॲप बनवायला शिकवणाऱ्या त्या रविवारच्या वर्गात बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की लॅपटॉपच्या पडद्यावर आधी एक खोटा फोन उघडायचा आणि आपलं ॲप त्यात चालवून बघायचं. बाकीच्यांचे खोटे फोन टिचकीसरशी उघडले. धाकटीचा लॅपटॉप मात्र थोरल्या बहिणीनं सासरी जाताना मागे टाकलेला. त्याला नमनालाच घडाभर तेल लागायचं. मग वेळ फुकट कशाला घालवा, म्हणून तिनं पिशवीतून दुकानातला सदरा काढला होता. शिंप्याच्या मुलीला हात रिकामे ठेवायची सवय नसते.

"तुमचा फोन उठेपर्यंत... माझंही एक लावाल?"

आवाज शेजारच्या खुर्चीवरून आला. तिनं पाहिलं. निळा कामाचा डगला, कोपरावर ग्रीसचा डाग, आणि खिशाचं बटण एका दोऱ्यावर कसाबसा जीव धरून लोंबकळत होतं. वर डोळे — हसरे, आणि पहिल्या भेटीच्या मानानं जरा जास्तच धीट.

"अंगावरच्या कपड्याला बटण लावत नाही आम्ही. सुई लागली की गिऱ्हाईक बोंबलतं."

"मी नाही बोंबलणार."

"सगळे असंच म्हणतात."

तो बोंबलला. सगळा वर्ग मागे वळला, बाईंनी चष्म्यावरून रोखून पाहिलं, आणि नेमका त्याच क्षणी धाकटीच्या लॅपटॉपमधला फोन उघडला.

तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा, म्हणून वर्गात सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणू लागले. लिफ्ट अडकल्याची तक्रार लोकांना ॲपवरून करता यावी, असं त्याच्या मनात होतं. फोनवर लोक नुसते "अडकलो, अडकलो" ओरडतात आणि इमारतीचं नाव सांगायचंच विसरतात. धाकटीला हवं होतं मापांचं ॲप. बाबा गिऱ्हाइकांची मापं वहीत लिहायचे आणि त्यांचं अक्षर ब्रह्मदेवाला वाचता आलं असतं तर शपथ. एकदा त्यांचं त्यांनाच लागलं नाही, तेव्हा एका मुख्याध्यापकांची विजार घोट्याच्या चार बोटं वर शिवली गेली. शाळेतली मुलं आठवडाभर खुशीत होती.

बाईंनी दोघादोघांच्या जोड्या लावल्या. धाकटीचा फोन इतका जुना, की नवं ॲप त्यात शिरायलाच तयार होईना. लिफ्टवाल्याकडे कंपनीचा नवाकोरा फोन होता. तेव्हा ठरलं की आधी तिचं ॲप करायचं आणि चालवायचं त्याच्या फोनवर.

"आणि तुमचं कधी?" तिनं विचारलं.

"लिफ्टा कुठे पळून जात नाहीत."

मग दर रविवारी दोन डोकी एका पडद्यावर वाकू लागली. गिऱ्हाइकाला दिसणारं सगळं धाकटीकडे — नावाची चौकट, खांद्याची, छातीची, बाहीची चौकट, आणि खाली 'जतन करा' असं भलंमोठं बटण, कारण बाबांची बोटं जाड. बटण दाबल्यावर आत काय घडायचं, ते लिफ्टवाल्याकडे. कधी एखादा कंस बंद करायचा राहायचा आणि सगळं ॲप रुसून बसायचं; मग तो कंस शोधताना दोघांची बोटं एकाच ओळीवर यायची, आणि एकाचंही बोट लवकर मागे जायचं नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते कुणालाच कळलं नाही.

"बाई काय म्हणाल्या ऐकलंस?" एकदा तो म्हणाला. "ॲपनं उघडल्या उघडल्या सतरा परवानग्या मागू नयेत. गरज पडेल तेव्हाच मागावी, आणि कशासाठी ते सांगून."

"बरोबर आहे. माणसांनीही तसंच वागावं."

"मग... परवानगी आहे?"

"कशासाठी?"

"वर्ग सुटल्यावर चहासाठी."

धाकटीनं मान वर न करता दोन चौकटी सरळ केल्या. "एवढ्यापुरती आहे," ती म्हणाली. "बाकीचं लागेल तसं विचार."

चहावरून गाडी दुकानापर्यंत आली. तो कामावरून सुटला की दुकानात डोकावायचा, बाबांच्या मशीनला तेल घालून द्यायचा, आणि बाबांच्या तिरकस बोलण्यावर खळखळून हसायचा. बाबांना फोनचं कौतुक नव्हतं. "वही खाली पडली तर उचलता येते," असं ते म्हणत. एक दिवस दाखवून देऊ, एवढंच धाकटीच्या मनात असायचं.

तो दिवस आला एका शुक्रवारी. एक मोठा वाद्यवृंद दुकानात उतरला — बेचाळीस वादक, सगळ्यांना एकसारखे काळे कोट. दुकानाला इतकं मोठं काम कधीच मिळालं नव्हतं. माप देऊन मंडळी त्याच संध्याकाळी दौऱ्यावर निघणार होती, ती थेट कोट न्यायलाच परतणार. बाबांनी वही उघडली. धाकटीनं ती हळूच मिटली.

"बाबा, आज वही नको. एकदाच माझ्यावर विश्वास ठेवा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीत फोन घेऊन बसलेल्या लिफ्टवाल्याकडे पाहिलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा वही कपाटात ठेवली. मग काय! बाबा टेप धरून आकडे सांगताहेत, धाकटी लिफ्टवाल्याच्या फोनवर टकाटक भरतेय, 'जतन करा' दाबलं की यादीत एक नाव वाढतंय. संध्याकाळी यादी पाहून बाबा "हं," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडचं "हं" म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा पोवाडा.

फोन कंपनीचा, त्यामुळे रात्री तो लिफ्टवाल्याबरोबरच गेला. दुसऱ्या दिवशी अकराला तो फोन घेऊन येणार आणि बाबा कापड कापायला घेणार, असं ठरलं.

अकरा वाजले. कापड टेबलावर पसरलं होतं, बाबांच्या हातात कात्री होती. सव्वाअकराला धाकटीनं फोन लावला. एक घंटी वाजली... आणि त्यानं फोन कापला. तिला वाटलं, चुकून. पुन्हा लावला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

"येतोच म्हणाला," धाकटी साफ खोटं बोलली आणि गळ्यातली टेप तशीच ठेवून बाहेर पडली.

तो आज इस्पितळामागच्या नऊ मजली इमारतीत आहे, हे तिला ठाऊक होतं. तिथवर ती कशी पोचली ते तिचं तिला माहीत. राग होताच, पण रागाखाली भीती होती, आणि भीतीखाली आणखी काहीतरी, जे फार दुखत होतं. फोन कापला त्यानं. माझा.

इमारतीची लिफ्ट बंद. दारावर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी. चौथ्या मजल्यावर एक आजी भाजीच्या पिशव्या घेऊन पायरीवर टेकल्या होत्या.

"लिफ्टवाल्याकडे चाललीस? तो गच्चीवरच्या खोलीत आहे. दुरुस्ती कसली, लिहीत बसलाय मेला! प्रेमपत्र असणार."

उरलेले पाच मजले धाकटी दोन दोन पायऱ्या चढत गेली.

तो यंत्राच्या खोलीत जमिनीवर बसला होता. भोवती कागद पसरलेले, मांडीवर फोन, बोटांना शाई. तिला पाहून तो उठला नाही. नुसता ओरडला, "फोनला हात लावू नकोस!"

"माझा फोन का कापलास?"

"तुझा फोन आला की ॲप मागे जातं! आणि एकदा मागे गेलं की फोन ते कधी बंद करून टाकेल, नेम नाही. आणि बंद झालं तर... सगळं गेलं."

"गेलं म्हणजे? जतन केलंय ना आपण?"

त्यानं मान खाली घातली. "नाही केलं."

मग एका दमात त्यानं सांगितलं. साडेदहाला निघण्याआधी बटणाचा रंग बदलावा म्हणून त्यानं आपला लॅपटॉप उघडला, तेव्हा त्याला ती ओळ दिसली. त्यानंच लिहिलेली: 'इथे साठवायचं आहे — उद्या करू.' तो उद्या कधी उजाडलाच नव्हता. 'जतन करा' दाबलं की नाव यादीत दिसायचं, पण ती यादी नुसती चालू ॲपच्या आठवणीत, फळ्यावर खडूनं लिहावं तशी. ॲप बंद, की फळा कोरा. बाईंनी हजारदा सांगितलं होतं, ॲप पूर्ण बंद करा, पुन्हा उघडा, मग बघा काय उरतं. दोघांनी एकदाही बंद करून पाहिलं नव्हतं.

"आणि कंपनीचा हुकूम आलाय. बाराला सगळे फोन आपोआप बंद होऊन चालू होणार. पुढे ढकलता येत नाही. पडद्याचा फोटो काढायलाही बंदी. दुसऱ्या फोनवरून तुला सांगावं, तर तुझा नंबर पाठ कुठाय? तो याच फोनमध्ये! रस्त्यात वेळ गेला तर लिहिणार कधी, म्हणून जागचा हललोच नाही. चोवीस मापं उतरवून झालीत."

धाकटीनं घड्याळ पाहिलं. बाराला पंचवीस कमी. तिच्या फोनचा कॅमेरा वर्षापूर्वीच आंधळा झाला होता. रडायला वेळ नव्हता. तिनं बसकण मारली आणि त्याच्या हातातलं पेन ओढलं.

"तू वाच. मी लिहिते. भरभर."

"पंचविसावा. झांजवाला. खांदा अठरा, छाती बेचाळीस, बाही..."

आयुष्यात इतकं जलद तिनं कधी लिहिलं नव्हतं. घाम नाकावरून कागदावर टपकत होता. सदतीस... अडतीस... तुतारीवाला, पोट सुटलेलं... एकेचाळीस... बेचाळिसाव्याची बाही वाचून तो थांबला, आणि पडदा काळा झाला. फोन पुन्हा उजळला तेव्हा त्यानं ॲप उघडलं. यादी कोरी होती, एकही नाव नव्हतं.

पण कागदांवर बेचाळीस होती. धाकटीचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ राग परत आला.

"एक ओळ! एक ओळ लिहायची राहिली तुझ्याच्यानं! कसा विसरलास?"

"सांगू?" तो शाईच्या बोटांकडे बघत म्हणाला. "तो रविवार आठवतो? मी त्याच ओळीवर होतो. आणि तू पेन्सिल घेऊन केस वर गुंडाळलेस, आणि ती त्यात खोचलीस. मी 'उद्या करू' लिहिलं आणि... पुढचा तासभर काय केलं ते मला आठवत नाही. मला तू फार आवडतेस. आणि त्यापायी तुझ्या बाबांचं काम बुडत होतं."

धाकटीला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "आधी लिफ्ट चालू कर. आजी चौथ्या मजल्यावर बसल्यात."

दुकानात बाबा तसेच उभे होते. धाकटीनं कागद पुढे केले आणि एक शब्द न लपवता सगळं सांगितलं. "चुकलं, बाबा."

"चूक माझी," लिफ्टवाला मध्येच म्हणाला.

बाबांनी कागदांवरची मापं मोजली. बोटाला थुंकी लावून पुन्हा मोजली.

"एक कमी आहे."

"नाही बाबा, वादक बेचाळीसच होते."

"वादक बेचाळीस. मापं मी त्रेचाळीस घेतली. तू चहा सांगायला गेली होतीस, तेव्हा याचंही घेतलं. यानंच घातलं फोनमध्ये." ते लिफ्टवाल्याकडे वळले. "ते का नाही उतरवलंस?"

लिफ्टवाल्याचे कान लाल झाले. "ते... शेवटी होतं. आधी कामाची."

"आणि घरच्या माणसाचं माप बिनकामाचं?" बाबा उखडले. "लिफ्टा सोडून रोज इथे येतोस, माझ्या दुकानाला साधा जिनासुद्धा नाही! मला काय कळत नाही?"

धाकटीला धरणी दुभंगावी असं वाटलं, आणि त्याच वेळी उड्याही माराव्याशा वाटल्या. बाबांनी कपाटातून वही काढून टेबलावर आपटली. "मला बेचाळीस कोट कापायचेत. याचं माप आता तूच घे." आणि पाठ करून ते कापडावर वाकले.

धाकटीनं गळ्यातली टेप काढली. तो हात पसरून उभा राहिला, परीक्षेला बसल्यासारखा. तिनं टेप त्याच्या पाठीमागून फिरवून छातीवर आणली. इतक्या जवळून ग्रीसचा वासही तिला आवडला.

"श्वास घे. रोखलास तर कोट घट्ट होईल."

"घेतोय... तू अजून उत्तर दिलं नाहीस."

तिनं एकदा बाबांच्या पाठीकडे पाहिलं. मग टाचा उंचावून त्याच्या कानाशी गेली.

"ती पेन्सिल," ती कुजबुजली, "मी मुद्दाम खोचली होती. तू बघावंस म्हणून."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे ही चूक तुझी?"

"अर्धी," धाकटी म्हणाली. "उरलेली तुझी. आता दोघांनी मिळून निस्तरायची, कायमची."

"छाती किती?" बाबांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

धाकटीनं टेपवरचा आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि म्हणाली, "थांबा हो बाबा, हा हसायचा थांबतच नाहीये."