एक हात मोकळा

नर्स म्हणून रुजू झाल्या त्या सकाळी ताईंनी देवापुढे नेम धरला होता: रक्त वाहणाऱ्या माणसाचा हात, रक्त थांबेपर्यंत सोडायचा नाही. कैक वर्षं तो पाळला. एका दुपारी मात्र मोडावा लागला.

अपघात विभागात ट्रकखाली सापडलेला गवंडी आणला होता. ताईंनी त्याच्या हाताला सलाईनची सुई लावली, चिकटपट्टीचं टोक सवयीनं दुमडलं. रक्ताची गुठळी धरून ठेवणारं औषध लगेच द्यायला हवं होतं. उशीर झाला की ते असून नसल्यासारखं. पण कपाट रिकामं! शेवटची बाटली घेणाऱ्यानं रिकामं खोकं कडीला अडकवायचं, म्हणजे नवा साठा मागवला जातो, ही तिथली रीत. कुणीतरी विसरलं होतं.

गवंडी बोटं सोडेना. "आलेच हं, दादा," म्हणत ताईंनी ती हळूच सोडवली आणि तळघरातली औषधकोठी गाठली. बाटली आणि सिरिंज हातात देताना कोठीवाला म्हणाला, जिन्यानं जा, ही लिफ्ट रुसक्या सासूसारखी, मनात आलं तर चालते. पण जिना चढण्यात वेळ गेला असता. ताई लिफ्टमध्ये शिरल्या.

दोन मजल्यांच्या मध्येच ती थांबली. दिवा गेला. ताईंनी दार बडवलं, हाका मारल्या; आवाज कापसात जिरावा तसा जिरला. मग गंजल्या लोखंडासारखा वास आला. रक्ताचा. आणि अंधारात कुणीतरी त्यांचा हात धरला.

जीव मुठीत धरून त्यांनी चाचपलं. सुई. वर चिकटपट्टी, टोक दुमडलेलं.

देवाचं नाव घेत ताईंनी औषध भरलं आणि सावकाश, अगदी सावकाश सोडलं. भरकन दिलं तर रक्तदाब कोसळतो. त्या बोटांची थरथर निवली.

तेवढ्यात मागून कोपराला दुसरा हात लागला. इवलासा, रक्तानं ओला, थंडगार.

"मला... उरलंय का?"

बाटली रिकामी होती. दिवा आला. लिफ्टमध्ये ताई एकट्याच.

वर डॉक्टरांनी सांगितलं, रक्त आटोक्यात येतंय, औषध वेळेवर दिलंत. ताई चक्रावल्या. आपण खाली गेलो होतो म्हणाल्या, तर डॉक्टर हसले. "अहो, मघापासून इथंच तर उभ्या आहात, त्याचा हात धरून."

गवंडी जगला. ताईंचा नेम देवानंच राखला. तेव्हापासून त्या लिफ्टनं जाताना ताई एक बाटली जास्तीची नेतात. सीलबंद असते, तरी वर पोचेपर्यंत रिकामी होते. एवढ्या बाटल्या झाल्या, पण कोपराला लागणारा हात अजून ओलाच आहे.

म्हणून सांगते, बाई, इथं नर्स म्हणून नव्यानं रुजू झालात, तर तुम्हीही हा नेम धरा. त्या लिफ्टनं जाल तेव्हा एक बाटली जास्तीची घ्या... आणि एक हात मोकळा ठेवा.