सोबतीला चौथा

त्या रविवारी मी पंडरीच्या बाजारात गेले ती फक्त तीन कानटोप्या आणायला. डिसेंबर लागला होता. पुढच्या शनिवारी आम्ही बारनवापाराच्या जंगलाजवळ एका कॅम्पवर तंबू ठोकून राहणार होतो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा भार्गव आणि माझी नऊ वर्षांची ज्ञानदा.

भार्गव माझा दुसरा नवरा. मूळचा साताऱ्याचा, बदलीवर रायपूरला आलेला. लग्नाला वर्ष झालं तरी ज्ञानदा त्याला अंकल म्हणायची आणि त्याच्याशी फक्त हिंदीत बोलायची. माझ्याशी मराठी, रिक्षावाल्याशी हिंदी आणि भार्गवशीही हिंदी. तो बिचारा मराठीत विचारायचा, ती "हाँ, अंकल" म्हणून निघून जायची. दोन दिवस एका तंबूत राहिली तर मुलगी विरघळेल, असं मला वाटलं. मोडलेला संसार पुन्हा उभा राहतो की नाही, ते मी त्या एका सहलीवर सोपवलं होतं म्हणा ना.

तंबू मात्र विराजचा होता. विराज म्हणजे ज्ञानदाचा बाबा. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात होता, तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला. तंबू त्याने हौसेने आणला आणि दर हिवाळ्यात मला म्हणत राहिला, "चाल ना मीनल, एक रात तं जाऊन येऊ." मी म्हणायचे, बघू. मला जंगल आवडत नाही असं मी लोकांना सांगत असे. खरं सांगू? विराजशी रात्रभर बोलावं असं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. तो गेला आणि तंबू घडीचा घडीच राहिला. आता तोच काढून मी दुसऱ्या माणसाबरोबर निघाले होते. नवा का नाही घेतला? माळ्यावर होता, म्हणून. माणूस इतका कोडगा होऊ शकतो.

दुपारी पुरानी बस्तीहून माझी आई आली. बेत ऐकून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तिघंच निघून राहिले का? तीन तिगाडा, काम बिगाडा. सोबतीले सुपारी घ्या."

ही आमच्या घरची रीत. तिघांनी गावाला निघायचं नाही. निघावंच लागलं तर चौथी म्हणून एक सुपारी घ्यायची. देवापुढे ठेवून तिला 'चल सोबत' म्हणायचं, आणि परत आलं की तुळशीत ठेवून मोकळं करायचं. नाव मात्र कधी द्यायचं नाही. आईने आपल्या पानाच्या डब्यातली सुपारी काढली आणि ज्ञानदाकडून देवापुढे ठेवून घेतली. पोरगी वाकून तिच्याशी काहीतरी पुटपुटली.

"काय म्हटलं गं?" आईने विचारलं.

"चल सोबत म्हटलं. बाबा म्हटलं."

आईचा हात तसाच राहिला. "नाव देत नसतात, पोट्टी..."

"काहून? बाबाले तं किती दिवसाचं जायचं होतं."

 निघताना आई दारात मला एवढंच म्हणाली, "आता वापस येईपर्यंत सांभाळ तिले."

मी सांभाळली नाही. मला राग आला होता. पोरीचा, मेलेल्या माणसाचा आणि सगळ्यांत जास्त माझा. जिवंतपणी ज्याला मी कुठे नेलं नाही, तो आता न विचारता निघाला होता. मी देव्हाऱ्यातून सुपारी उचलली, अडकित्त्यात धरली आणि कातरून घरच्या डब्यातल्या इतर सुपारीत मिसळून टाकली. जेवण झाल्यावर भार्गवने रोजच्यासारखी चिमूट घेतली. मी समोरच बसले होते. 'थांब' म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे धुवायला घेतले तर शर्टाला लोखंडाच्या धुळीचा वास. तो तर वातानुकूलित ऑफिसात बसणारा माणूस. मी शर्ट दोनदा धुतला, वास गेला नाही. मंगळवारी ज्ञानदा त्याच्या शेजारी बसून जेवली. बुधवारी मी बाजारातून आले तर दिवाणखान्यात तंबू उभा. भार्गवला साधी कपडे वाळत घालायची दोरी ताणता येत नसे. इथे प्रत्येक गाठ पक्की, चारही कोपरे खुर्च्यांना आणि टेबलाला बांधलेले. आत टॉर्च लावून दोघं हसत होती. मराठीत.

"कोणी शिकवलं हे?" मी विचारलं.

तंबूच्या फटीतून त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहरा भार्गवचाच.

"शिकाचं काय त्याच्यात?" तो म्हणाला. "तू काहून घाबरून राहिली?"

माझ्या हातातली पिशवी गळाली. साताऱ्याच्या माणसाच्या तोंडी ही बोली... मी आईला फोन करायला हवा होता. पण ज्ञानदाने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं, आणि वर्षभर मी ज्यासाठी तडफडले ते हेच होतं. मी स्वतःची समजूत घातली की रायपूरच्या पाण्याने माणूस बदलतो. इतका नीच समजूतदारपणा मी पुन्हा कधी केला नाही.

शुक्रवारी मात्र माझा धीर सुटला. संध्याकाळचे पाच वाजले असतील. दोघं पुन्हा तंबूत होती, आतून कुजबुज येत होती. दाराची कडी मी स्वतः लावली होती. स्वयंपाकघरात जाऊन मी कॅम्पवर फोन लावला. तिथला व्यवस्थापक देवीदास. त्याच्याशी मी आधी दोनदा बोलले होते.

"भैया, कल की बुकिंग कॅन्सल कर दीजिए. मीनल बोल रही हूँ, रायपुर से."

"कॅन्सल?" तो गोंधळला. "पर मॅडम, साहब ने तो परसों फोन किया था. बोले, मॅडम नहीं आएँगी, उनका नाम काट दो. दो जन आएँगे, एक दिन पहले."

"कौन साहब?"

"आपके साहब. वो तो आ भी गए, मॅडम. अभी बिटिया के साथ आग के पास बैठे हैं."

फोन कानाला तसाच धरून मी दिवाणखान्यात गेले. कुजबुज थांबली होती. तंबूची चेन मी ओढली. आत भार्गव एकटा, अंगाचं मुटकुळं करून झोपलेला. मी हलवलं तसा दचकून उठला.

"मी इथे कधी झोपलो?" त्याने विचारलं. अगदी स्वच्छ, साताऱ्याचं मराठी. "मीनल, आज वार काय? ज्ञानदा कुठाय?"

मी घर धुंडाळलं. पलंगाखाली, न्हाणीघरात, गच्चीच्या जिन्यावर. बाहेरच्या दाराची कडी आतून तशीच होती. फोनवर देवीदास अजून "हॅलो, हॅलो" करत होता.

"बच्ची को फोन दो," मी म्हणाले. 

लाकडं तडतडल्याचा आवाज आला. मग माझी मुलगी अगदी हळू म्हणाली, "आई, तू नको येऊ ना..."

दोन तासांचा रस्ता भार्गवने कसा कापला ते त्यालाच ठाऊक. आम्ही पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. ज्ञानदा शेकोटीजवळ बसली होती, एकटी. पायात घरातल्या सपाता, अंगाला लोखंडाच्या धुळीचा तो वास. मी तिला उठवून छातीशी धरलं, रडले, माफी मागितली. ती लाकडासारखी उभी राहिली. मग मला म्हणाली, "तू काहून आली? आम्ही किती मजेत होतो."

त्या वाक्याचा ओरखडा आजही बुजलेला नाही. भार्गवला त्या आठवड्यातलं काही आठवत नाही. ज्ञानदा पुन्हा त्याच्याशी हिंदीत बोलते. आता माझ्याशीही हिंदीतच बोलते.

त्या रात्री निघताना देवीदास गाडीपर्यंत आला. मी पुढे बसले, ज्ञानदा मागे. त्याने भार्गवकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या खिडकीशी वाकून हात जोडले आणि हसत म्हणाला, "फिर आइएगा, साहब."

गाडी सुटली. मागची सीट अख्खी मोकळी होती, तरी रायपूर येईपर्यंत माझी मुलगी दाराला चिकटून, अंग चोरून बसली होती.