हनुवटी जरा खाली

मी पंधरा वर्षं फौजेत काढली. बर्फात झोपलोय, डोक्यावरून गोळ्या जाताना ऐकल्यात. भुताखेतावर माझा काडीचा विश्वास नव्हता. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचो. तेव्हा थापा मारायची हौस आली म्हणून मी हे सांगत नाहीये. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल इथेच थांबावं.

गेल्या वर्षीची गोष्ट. मार्गशीर्षातला गुरुवार. वेळ दुपारी साडेतीन.

हो, दुपारी! असल्या गोष्टी अमावास्येच्या रात्रीच होतात असं ज्याने पसरवलं, त्याला मला एकदा भेटायचंय.

हे घडलं माझ्या मावसभावाच्या बाबतीत. वीरधवल त्याचं नाव. साताऱ्यात फोटोग्राफर आहे. लग्न, बारसं, डोहाळजेवण, पुढाऱ्याचा वाढदिवस, मिळेल ते करतो. पण डोक्यात एकच किडा, फॅशन फोटोग्राफी. "दादा, नवरा-नवरीला बदामात उभं करून करून वैताग आलाय," म्हणायचा.

अशात त्याला राजनंदिनी भेटली. माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची पोर. साताऱ्यात कॉलेजला होती. उंच, सावळी, डोळे एवढे मोठे. पुण्याच्या एका साडीवाल्यांना कॅटलॉगसाठी नवा चेहरा हवा होता. फोटो सोमवारपर्यंत पाठवायचे होते. पोरीने आयुष्यात कधी असले फोटो काढले नव्हते.

तिचे वडील मुंबईत हमाली करतात. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलेलं, "एकदा करून बघ. न्हाई जमलं तर वैशाखात लगीन." मुलगाही बघून ठेवलेला.

म्हणजे पोरीला एकच संधी, आणि ती वीरधवलच्या कॅमेऱ्यात.

जागा त्यानेच शोधली. सांगलीजवळ कृष्णेकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही लोक लगेच मोबाईल घेऊन निघाल. तिथे हळदीची जुनी पेवं आहेत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत वीस फूट पोकळ. पूर्वी त्यात हळद साठवायचे आणि वरून तोंड बंद करायचे. आता तिथे नुसतं मोकळं रान, पिवळट माती आणि एक बाभळ. फोटोला जागा झकास.

"समदी पेवं बुजवल्यात," गावातल्या एकाने सांगितलं.

यानेही मान डोलावली. फिरून बघायला काय पाय मोडले होते? पण नाही.

कॅमेरा स्टँडवर पक्का लावला. सगळे फोटो एकाच जागी, एकाच चौकटीत हवे होते.

पहिले दहा फोटो वाया गेले. पोर खांबासारखी उभी.

"अगं, आधार कार्डाचा फोटो न्हवं हा!" वीरधवल खेकसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. याला स्वतःचीच लाज वाटली. पाणी प्यायला म्हणून तो गाडीकडे गेला.

पाच मिनिटांनी परत आला तर...

पोर बदललेली होती.

मान डावीकडे वळलेली. हनुवटी किंचित खाली. खांदे सैल. तो काही सांगायच्या आतच ती पुढची पोझ घेत होती. जणू दहा वर्षं हेच करतेय. वीरधवलला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्याने धडाधड फोटो घेतले.

मधेच त्याच्या लक्षात आलं... बाभळीवरची पाखरं गप्प झालीत.

रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते. त्यांच्यावर कर्कश गाणी वाजतच असतात, तुम्हाला माहीत आहे. ट्रॅक्टर दिसत होते. गाणं ऐकू येत नव्हतं.

आणि वास... शिजवलेल्या हळदीचा. तिथे कित्येक वर्षांत हळद आलेली नव्हती.

सेहेचाळीसावा फोटो घेतला आणि कॅमेरा बंद पडला. आत्ता अर्ध्याहून जास्त असलेली बॅटरी एकदम संपली.

"सर, एक राहिलाय म्हनं," राजनंदिनी म्हणाली.

"राहू दे. भरपूर झालेत. चल."

गाडीत बसताना ती मागे वळली आणि हसून म्हणाली, "येते हं ताई."

वीरधवलने वळून बघितलं. रान मोकळं होतं. असेल कुणी शेतातली बाई, गेली असेल बांधापलीकडे, असं त्याला वाटलं. तो आनंदात होता. आनंदात माणूस कशाला विचार करतोय! उद्या सांगलीत इमामचाचांना फोटो दाखवतो असं सांगून त्याने राजनंदिनीला तिच्या मावशीकडे मिरजेला सोडलं आणि तो सांगलीत मुक्कामाला राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इमामचाचांच्या स्टुडिओत गेला. चाचा म्हणजे त्याचे गुरू. सत्तरीचे आहेत, पण नजर अजून घारीची. चाचांनी फाडून खाल्ल्याशिवाय वीरधवल कुठलाच महत्त्वाचा फोटो बाहेर पाठवत नाही.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनला नाक लावलं.

"उजेड बरा हाय. निऱ्या कुणी बघायच्या, तुझ्या आज्यानं? ही बघ, घडी मोडलीया. पोरगी लाखात एक हाय रं... पर ती तुझ्याकडं बघतच न्हाई."

"म्हंजी?"

"डोळं बघ की! लेन्सच्या बाजूला बघतीया. ह्यात बी. ह्यात बी. समद्यात. तुझ्या शेजारी कोण उभं हुतं?"

"कोन न्हाई, चाचा. मी एकटाच."

चाचांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"कॅमेरा हलवलास?"

"न्हाई. स्टँडवर हुता."

"मग पोरगी बारकी का व्हत चाललीया?"

चाचांनी अकरावा फोटो लावला. मग एकेक करून पुढचे. बाभळ जागच्या जागी. जमिनीवरचा दगड जागच्या जागी. फक्त राजनंदिनी... प्रत्येक फोटोत अर्धं पाऊल मागे.

शेवटच्या फोटोत तिच्या टाचेमागे काहीतरी काळं दिसत होतं. चाचांनी ते मोठं केलं.

गंजका पत्रा. एका बाजूला सरकलेला. आणि त्याच्या कडेला अंधार.

न बुजवलेलं पेव.

वीरधवल ताडकन उठला. "चाचा, आईशपथ, मी तिला मागं सर म्हनालोच न्हाई."

"फोन लाव पोरीला. मोठ्या आवाजावर ठेव."

लगेच उचलला तिने. तोच उत्साही आवाज.

"राजनंदिनी, काल तुला पोझ कोण सांगत हुतं?"

"तुमच्या शेजारच्या ताई की, सर. हिरव्या लुगड्यातल्या. तुमी पानी प्यायला गेला, तवा आल्या. लय मायेनं सांगत हुत्या. मान डावीकडं... हनुवटी जरा खाली... थोडं मागं..."

चाचा फोनवर वाकले. वीरधवल सांगतो, माणूस डोळ्यांसमोर पांढरा पडतो म्हणजे काय ते त्याने त्या दिवशी बघितलं.

"पोरी, तू आत्ता हायस कुठं?" चाचांनी विचारलं.

"इथंच की, पेवांच्या रानात. ताई कालच म्हनल्या, उद्या ये, एक राहिलाय. सर येतायत न्हवं? ताई तर म्हनत्यात, फोटोवाले येतील."

"तिथनं नीघ!" वीरधवल ओरडला. "पळ आधी!"

पण ती बहुतेक ऐकतच नव्हती. फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

आणि दुसरा एक आवाज आला... बाईचा. बारीक. खालून बोलल्यासारखा.

"थोडं मागं..."

"हो, ताई," राजनंदिनी म्हणाली.

मातीत पाय घासल्याचा आवाज आला.

"थोडं मागं..."

"हो."

वीरधवल नुसता नाव घेऊन किंचाळत होता. चाचांनी त्याच्या हातातून फोन हिसकावला आणि तोंडाजवळ धरून, भरल्या स्टुडिओत गिऱ्हाईकाला सांगावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"झालं, बाई! फोटो झाला! रोल संपला. उठा आता."

किती वेळ गेला, देव जाणे. मग पत्रा खडखडला आणि राजनंदिनीच्या रडण्याचा आवाज आला. ते ऐकून वीरधवल जिन्यावरून घसरतच खाली गेला. चाचा त्याच्या मागे होते.

वीस मिनिटांत गाडी तिथे पोचली. पोर बाभळीला मिठी मारून बसली होती. काटे टोचून हात रक्तबंबाळ झालेले, तरी सोडत नव्हती. घोट्यापर्यंत पाय पिवळे. एक चप्पल पायात आणि दुसरी पेवात गेलेली.

"शेवटचा पाय उचलला हुता, सर," ती म्हणाली. "तवा चाचा वरडले. ताई एकदम गप झाल्या. मग त्यांनी मला इचारलं..."

"काय?"

"म्हनल्या, हा आवाज वळखीचा हाय. फोटोवाले कुठं बसत्यात?"

"आन् तू काय सांगितलंस?"

राजनंदिनीने चाचांकडे बघितलं आणि मान खाली घातली. "सांगलीत म्हनलं. मला काय म्हायती, चाचा..."

तिला मिरजेला मावशीच्या हवाली केलं. परतताना गाडीत चाचा बोलले. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा पोलीस पंचनाम्याच्या फोटोंना गावातला फोटोवाला बोलवायचे. चाचा विशीतले, नवीन कॅमेरा. त्याच रानात एका मजूर बाईला पेवात उतरवलेलं. पेव उघडल्यावर आधी दिवा सोडून बघायचा असतो, विझला तर उतरायचं नाही. त्या दिवशी तेवढा वेळ कुणाला नव्हता. बाई आतच गुदमरली.

"वर काढली. तोंड दिसंना म्हनून दोघांनी बगलेत धरून बसती केली," चाचा सांगत होते. "आन् मी... मी सांगत हुतो रं. मान डावीकडं घ्या. हनुवटी जरा खाली. माझी सावली पडतीया, थोडं मागं घ्या. मग म्हनालो, एक राहिलाय, एवढा घेतो. तवा तिच्या डोळ्यांकडं बघितलं आन् मला वकारी आली. कॅमेरा घेऊन पळालो. त्यो शेवटचा मी काढलाच न्हाई."

"लुगडं?" वीरधवलने विचारलं.

"हिरवं."

पेव त्याच आठवड्यात मुरूम टाकून बुजवलं. यावेळी वीरधवल स्वतः उभा होता. फोटो सोमवारी पुण्याला गेले. सगळ्यांतून त्यांनी नेमका सेहेचाळीसावा निवडला. "या नजरेत काहीतरी आहे," म्हणाले. वैशाखात लग्न झालं नाही, कॅटलॉग आला. मुखपृष्ठावर राजनंदिनी, मान डावीकडे. आता तिला बरी कामं मिळतात. फक्त पाठ भिंतीला लागल्याशिवाय ती फोटोला उभी राहत नाही. लोकांना वाटतं, नखरे आहेत.

हे सगळं ऐकूनसुद्धा मला पटलं नव्हतं, खरं सांगतो. पोर घाबरली असेल, म्हातारा जुनं उकरून बसला असेल.

गेल्या महिन्यात मला फौजी कॅन्टीनच्या कार्डासाठी फोटो हवा होता. सांगलीत कामाला गेलेलो, म्हटलं चाचांकडेच काढू. दुपारची वेळ. स्टुडिओच्या मागेच त्यांचं घर. हळदीचा वास येत होता. अख्तरचाची काहीतरी करत असतील.

चाचांनी मला स्टुलावर बसवलं. खूप थकल्यासारखे दिसत होते. कॅमेऱ्यामागे गेले.

"हनुवटी जरा खाली," आतून चाची म्हणाल्या.

मी घेतली. खटका वाजला.

"काय चाचा," उठता उठता मी म्हणालो, "चाचीपण आता फोटोच्या कामात लक्ष घालतात वाटतं?"

चाचा कॅमेऱ्यामागून बाहेर आले. माझ्याकडे बघत राहिले.

"अख्तरबी जतला लेकीकडं गेलीया," म्हणाले. "आठ दिस झालं."

पंधरा वर्षं फौजेत काढली मी. तरी आतल्या दाराकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"मग तो राहिलेला एक फोटो काढून का टाकत नाही, चाचा?"

"रोज काढावासा वाटतो रं," चाचा म्हणाले. "पर ती समोर येतच न्हाई. माझ्या शेजारीच उभी ऱ्हाती."

मी फोटो घेतले आणि निघालो. मागे वळून बघितलं नाही.

चार दिवसांनी कॅन्टीनच्या बाबूने अर्ज परत केला. "साहेब, असा फोटो चालत नाही. समोर बघून काढा."

मी समोरच बघत होतो. देवाशपथ, लेन्सकडेच बघत होतो.

अर्ज तसाच खिशात आहे. दुसरा फोटो काढायला मी अजून गेलेलो नाही.