चूल विझवण्याची विनंती

मंगोलियातले उलानबातर शहर, उत्तरेकडच्या उतारावरील कुंपणाआडच्या तंबूघरांची वस्ती, हिवाळ्याचा सर्वांत कठोर महिना, आणि वेळ सायंकाळची, म्हणजे साऱ्या वस्तीतल्या चुली एकदम पेटण्याची. या वेळी एनेरेल शेजारच्या कुंपणाचे फाटक वाजवीत उभी होती. फाटक उघडणाऱ्या तरुणाच्या तोंडावर तिच्याप्रमाणेच मास्क होता. दिसत होते ते केवळ डोळे, आणि पापण्यांवर जमलेले हिम.

"तुमची चूल विझवाल का?" ती म्हणाली.

शब्द तोंडून निघाले मात्र, आणि ती स्वतःच दचकली. 'तुझी चूल विझो' हा त्या मुलखातला सर्वांत वाईट शाप. हाडवैरीही तो जिभेवर आणण्यापूर्वी दोनदा विचार करतात.

"ओळख ना पाळख," ते डोळे हसले, "आणि थेट शाप? लोक आधी चहा तरी विचारतात."

"शाप नाही हो... विनंती आहे."

"तशी वाटली नाही."

मग तिने सारे सांगितले. तिची थोरली बहीण देल्गेरमा गरोदर होती. मागच्या हिवाळ्यात तिचे एक मूल पोटातच गेले होते. ते धुरानेच गेले, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या, आणि तसा दावा एनेरेलनेही केला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, आई जे श्वासात घेते ते पोटातल्या जिवापर्यंत पोहोचते. तेव्हा जेवढा धूर टाळता येईल तेवढा टाळावा. म्हणून बहिणींनी आपल्या गोल तंबूघरातली चूल बंद करून विजेचा हीटर लावला होता. दाराच्या फटी लोकरीने बुजवल्या होत्या. उशाशी हवा गाळणारे यंत्र घुमत असे. दुपारी हवा निवळली की तेवढ्यापुरतीच देल्गेरमा बाहेर पडे. मेहुणे दक्षिणेला खाणीवर होते. टाळता येण्याजोगा उरला होता एकच धूर : वाऱ्याच्या वरच्या अंगाच्या एका धुरांड्यातून निघून थेट त्यांच्या छतावर उतरणारा.

"म्हणजे माझा?"

"तुमचाच."

त्याचे नाव तेमूलेन. ट्रॉलीबसच्या कारखान्यात तो तारा जोडी. त्याने मागे वळून आपल्या धुरांड्याकडे पाहिले.

"ही चूल आईनं स्वतःच्या हातानं पेटवून दिलीय. आणि मी धाकटा... आईबापाची चूल धाकट्याकडं येते. ती विझली की घर विझलं, म्हणतात."

"माहीत आहे. मीही इथलीच आहे."

"मग?"

"मग काही नाही. विचारलं... इतकंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारी वस्ती धुरात बुडाली होती. त्या एका धुरांड्यातून मात्र काही निघत नव्हते. आत एक छोटा विजेचा हीटर लावून तेमूलेन आपल्या तंबूवर लोकरीचा आणखी एक थर चढवीत होता.

"गोठलात का?" तिने कुंपणावरून विचारले.

"नाक जागेवर आहे. बाकीचं अजून तपासलं नाही."

"चहा आणू?"

"शापाबरोबरच आणायला हवा होता."

तिने खारट दुधाचा वाफाळता चहा कुंपणावरून दिला. पिण्यासाठी त्याने मास्क खाली ओढला. एनेरेलने तो चेहरा अंमळ जास्तच वेळ पाहिला आणि गंभीरपणे म्हणाली, "नुसते डोळेच बरे होते."

"आता तुमचा दाखवा. हिशेब बरोबरीचा हवा."

"दुपारी. हवा स्वच्छ असते तेव्हा."

आणि दुपार ही त्यांची वेळ झाली. देल्गेरमा पोटावर हात ठेवून सावकाश फेऱ्या मारी. एनेरेल तिच्यासोबत असे. आणि सुट्टीच्या दिवशी तेमूलेनला नेमके त्याच वेळी कुंपणाजवळ काही ना काही ठोकायचे असे.

"तू नक्की माझ्या पोटासाठी येतेस," एकदा देल्गेरमाने विचारले, "की त्याच्या तोंडासाठी?"

"ताई, हळू... त्याला ऐकू जाईल."

"गेलंय," कुंपणापलीकडून आवाज आला.

पांढऱ्या महिन्याच्या सणाआधी, म्हणजे तिकडच्या नववर्षाआधी, देल्गेरमाला मुलगी झाली. दिवस पूर्ण भरलेली, वजनाने चांगली. त्याच सणाला तेमूलेनची आई दुलमा मांसाचे गाठोडे घेऊन कुरणावरून आली, आणि मुलाच्या तंबूत शिरताच उंबऱ्याजवळच थांबली. चूल थंडगार होती.

"कुणी विझवली?"

"मी," तेमूलेन म्हणाला.

"मी विझवायला लावली," दारातून एनेरेल म्हणाली. सणाचे पक्वान्न तिच्या हातातच राहिले.

"तुझा काय संबंध, पोरी?"

उत्तर तेमूलेनने दिले, चुलीकडे पाहत, अडखळत : "आई... ही पुन्हा पेटवायची तर... नवी सून पेटवते ना? मग ती... म्हणजे, हिनंच पेटवावी, असं मला वाटतं. हिला वाटत असेल तर."

"वाटतं," एनेरेल म्हणाली. इतक्या हळू, की त्याने मान वळवून खात्री करून घेतली.

कुंपण ओलांडून दुलमा बहिणींच्या तंबूत गेली. थंडी अंगावरून उतरेपर्यंत दाराशी थांबली. मग वाकून, तिकडच्या रीतीने, तिने बाळाच्या टाळूचा वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. शहरातल्या आपल्या प्रत्येक नातवंडाच्या टाळूला तिला कोळशाचा वास आला होता. इथे नुसते दूध होते.

"बाळाची आई, तुझं काय म्हणणं?" तिने देल्गेरमाला विचारले.

"मुलगा बरा आहे. महिनाभर कुडकुडला, पण एकदाही बोलून दाखवलं नाही."

"आमच्यापुढं तर सारखा बोलतो."

मागे दारात ती दोघे उभी होती. मास्क न लावता, खांद्याला खांदा लावून. दुलमा त्यांच्याकडे वळली.

"जिनं विझवायला लावली, तिनंच पेटवायची," ती म्हणाली. "पण इथं नाही. उन्हाळ्यात, आमच्या कुरणावर."