काशीरामचा ठोकळा

कुंभार्लीच्या वळणांवर मजा येते म्हणे. सदू, पुन्हा माझ्यासमोर हे बोलू नको. स्टिअरिंग हातात येऊन तुला दोन पावसाळे झाले नाहीत, आणि कुठला घाट झकास ते तू मला सांगणार? कंदील बारीक करा आणि बसा सगळे. भागोजीचं सांगतो. याच चिपळूणच्या नाक्यावर माझ्याबरोबर मोटार चालवायचा. थापा मारणारा माणूस नव्हे.

सन बत्तीस. भागोजीच्या मोटारीवर काशीराम क्लीनर होता. चढावर मोटार थांबली की उडी टाकून चाकाखाली लाकडी ठोकळा सारायचा, हे त्याचं काम. ब्रेक झिजलेत म्हणून दोघं मालकाच्या कानीकपाळी ओरडले. मालक म्हणायचा, ठोकळा आहे ना. ज्येष्ठात तिसऱ्या वळणावर मोटार मागं घरंगळली. काशीराम ठोकळा घेऊन धावला आणि चाकाखालीच गेला. मालकानं पोलिसांना काय सांगावं? दारू प्यायला होता. अरे, गळ्यात तुळशीची माळ होती त्याच्या. त्याची बायको गंगा, तिनं तो ठोकळा चितेवर टाकला. "हाही जाळा," म्हणाली, "त्या मेल्या मालकाच्या मोटारीला परत मिळायला नको." भागोजीच्या डोळ्यांदेखत जळला.

मालकानं ना ब्रेक बदलले, ना दुसरा क्लीनर ठेवला.

भाद्रपद वद्य त्रयोदशीची रात्र. भागोजीची बहीण गोदा बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले, कराडला डॉक्टरकडे न्या म्हणाली. भागोजीनं मोटार काढली. पेट्रोल पार तळाला. कुलपातला डबा मालक काढून देईना. सकाळी बघू म्हणाला. सकाळी काय, प्रेत बघायचं होतं? घाट चढला तर वर हेळवाकला पेट्रोल मिळणार होतं. पण त्या जुन्या मोटारींची टाकी सीटखाली. पेट्रोल कमी असलं की चढावर ते इंजिनापर्यंत पोचत नसे. मग आम्ही काय करायचो? मोटार फिरवायची आणि रिव्हर्समध्ये, उलटा घाट चढायचा.

तसा तो निघाला. मान मागं वळवलेली. मागच्या सीटवर गोदा, आणि त्यांची आई यमुनाबाई कंदील मागं धरून बसलेली. मोटारीचे दिवे पडत होते ते मागं टाकलेल्या रस्त्यावर.

दुसरं वळण गेलं. गोदा कण्हत म्हणाली, "दादा, तो माणूस मघापासून चालतोय."

"कुठं?"

"दिव्यात."

भागोजीनं समोर बघितलं. कुणीतरी चढ चढत होतं. मोटारीच्याच वेगानं. घाई नाही. खांद्यावर काहीतरी...

"कोण रे, भागू?" आई म्हणाली.

भागोजीनं मान पुन्हा मागं वळवली.

तिसरं वळण. इंजिन खोकलं. बंद पडलं. इंजिन बंद की दिवेही बंद, त्या मोटारींचं तसंच असे. काळोख. मोटार पुढं सरकली... उताराला. ब्रेक दाबला. सरकतेच आहे. तिथं कठडा नाही. खाली दरी...

ठक्.

चाक अडलं.



मग भागोजी कंदील घेऊन उतरला. रस्त्यावर कुणी नाही. पुढच्या चाकाखाली ठोकळा. एका बाजूनं जळालेला. हात लावला तर चटका बसला.

हँडल मारलं, मोटार सुरू झाली. पहाटे कराडला गोदाला मुलगी झाली, दोघी वाचल्या. परत आल्या आल्या भागोजीनं तो ठोकळा मालकाच्या ओटीवर आपटला. "प्यायलेल्या माणसाला काळोखात बरोबर चाक सापडतं होय? बोला आता." मालक म्हणाला, कुणाच्या चुलीतलं लाकूड उचलून आणलंस. मग हात लावा म्हटलं, तर लावेना. पोलिसांच्या कागदात अजून दारूच लिहिलेली आहे. सहा वर्षं झाली, आठवलं की माझं डोकं फिरतं.

भागोजीनं नोकरी सोडली. जाताना ठोकळा मला देऊन गेला. माझ्या सीटखाली असतो. सदू, काढ तो. फडकं बाजूला कर. नुसत्या हातानं धर.

...का टाकलास?