कडेची मावशी

ही ऐकीव गोष्ट नाही. माझा मावसभाऊ केयूर कोपरखैरण्याला राहतो, लग्नांचे फोटो काढतो. त्याच्याच घरात, यंदाच्या मार्चमध्ये, भर दुपारी हे घडलं.

हो, दुपारी. भुताला रात्रच लागते असं आपण उगाच धरून चाललोय.

मनस्वीचा फोन आला. जवळच्या पावणे गावातली मुलगी. महिन्याभरापूर्वी तिच्या लग्नाचे फोटो केयूरनेच काढले होते.

"केयूरदादा, आय गेली आमची. बाराव्याला ठेवाला तिचा फोटो पायजे. अल्बमान ती कंय दिसत नाय."



ती का दिसत नाही, हे फक्त त्यालाच माहीत होतं.

मनस्वीची आई, गोजरामावशी, विधवा. पोटच्या पोरीच्या लग्नातही ती आपली कडेकडेनेच उभी. आणि वर हा शहाणा तिला म्हणाला होता, "मावशी, जरा आणखी बाजूला सरका." त्याच्या रुंद लेन्समध्ये कडेची माणसं ताणली जातात, खांब वाकतात. नंतर कॉम्प्युटरवर लेन्स करेक्शनची टिक केली की सगळं सरळ होतं, पण कडा कापल्या जातात. मावशी कापली जाणार, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं.

"आहे ना फोटो. संध्याकाळी देतो," तो म्हणाला.

मूळ फाइल्स त्याच्याकडे होत्या. त्याने पहिली उघडली. मंडपाच्या खांबाला टेकून मावशी उभी होती. चेहरा लांबट, ओढल्यासारखा. सरळ केल्यावर त्यातला किती उरतो ते बघायला केयूरने टिक केली.

सर्र...

मागे कुणीतरी पाय घासत सरकलं.

त्याने वळून पाहिलं. कुणी नव्हतं. दार बंद होतं.

फोटोत सगळे सरळ झाले, कड कापली गेली. ते व्हायचंच होतं. त्याने टिक काढली.

खांब परत आला...

मावशी आली नाही.

त्याने घाईने दुसरी फाइल उघडली. तिच्यात मावशी होती. या वेळी त्याने टिकला हातही लावला नाही.

सर्र...

त्याच्या डोळ्यांदेखत ती जागा रिकामी झाली.

मग तिसरी. मग चौथी. मग सगळ्याच.

"मावशी, मधे या ना," तो रडकुंडीला आला. "चुकलं माझं. मधे या."

सर्र... आवाज आणखी लांब गेला. भिंतीकडे.

संध्याकाळी तो पावणे गावात मनस्वीकडे रिकाम्या हाताने गेला. कुठल्याच फोटोत मावशी आली नाही, एवढंच बोलला.

"जाव दे दादा," मनस्वी म्हणाली. "तुमी तरी काय करनार? आय अशीच. कोनाच्या मदी यायची नाय."

त्याने मान हलवली. खरं सांगायचं धाडस झालं नाही.

मागच्या आठवड्यात त्याने मला तो पहिला फोटो दाखवला. खांबाशेजारी एका माणसाची जागा मोकळी आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत.

नवरी सोडून.

छापलेल्या अल्बममध्ये, याच फोटोत, मनस्वी समोर बघून हसतेय. मूळ फाइलमध्ये तिची मान खांबाकडे वळलीय. डोळे भरलेले आहेत. केयूर शपथेवर सांगतो, त्याने काहीही बदललेलं नाही.

आता मनस्वी सगळ्या मूळ फाइल्स मागतेय. आय कुठे तरी अर्धी दिसेल, म्हणते.

केयूर रोज तिला 'उद्या देतो' म्हणून सांगतो.